रोज साडेसहाला चालू होणारी सर्व्हिस

मागून सगळे तिला कुलूपताई म्हणायचे आणि ते तिला पक्कं माहीत होतं. एकदा कॅन्टीनमध्ये पाठीमागे दोघं कुजबुजले तेव्हा ती वळून म्हणाली, "अरे, मोठ्याने बोला की! कुलूप लावणारी म्हणताय, फोडणारी तर नाही ना?" त्या दोघांचा चहा घशातच अडकला. बाई तशी हसरी, पण तोंडाने फटकळ. आणि आतून भित्री, इतकी भित्री की सांगून कुणाला खरं वाटलं नसतं.

ते एक मोठं कोल्ड स्टोरेज होतं. खाली ओळीने सहा खोल्या, प्रत्येकीचं दार वीतभर जाड. पहिल्या तिनांत फळं-भाज्या, पुढच्या तिनांत मासे, वाटाणे आणि आइस्क्रीम. तिथे तापमान उणे बावीस. वरच्या मजल्यावर काचेची कंट्रोल रूम. तिथल्या एका कॉम्प्युटरवर सहाही खोल्यांचे आकडे दिसायचे आणि थंडी करणारी यंत्रं त्याच्याच हुकमावर चालायची. असे एकूण अकरा कॉम्प्युटर तिच्या ताब्यात होते. तिची स्वतःची जागा मात्र जिन्याखाली: एक टेबल, एक खुर्ची आणि पायाशी बॅटऱ्यांचा डबा.

आता ही कुलपं कसली, ते सांगायला हवं. कॉम्प्युटर चालू केला की आपल्याला समोर दोन-चार प्रोग्रॅम दिसतात. पण पडद्यामागे शंभरेक सर्व्हिस आपोआप सुरू होऊन बसलेल्या असतात. त्यातल्या काही लागतात, आणि उरलेल्या कुणी बोलावलेल्या नसतात. कुठली बाहेरच्या माणसाला लांबून आत शिरू देते, कुठली फाइली वाटते, कुठली नसलेल्या प्रिंटरची वाट बघत बसते. अशा नको असलेल्या सदतीस सर्व्हिसची नावं तिने एका जाड वहीत लिहिली होती. रोज सकाळी साडेसातला ती सगळ्या कॉम्प्युटरवर फिरायची आणि एकेक तपासायची. बंद आहे, टिक. बंद आहे, टिक. महिन्यातून एकदा अपडेट यायचं आणि पाच-सात सर्व्हिस निर्लज्जासारख्या पुन्हा उठून बसायच्या. "आलात का परत? मानपान करू का तुमचा?" असं म्हणत ती त्यांना पुन्हा झोपवायची.

हे वेड तिला आधीच्या नोकरीत लागलं. तीही अशीच एक थंड खोल्यांची जागा. तिथे तिच्या हातून एक सर्व्हिस चालू राहिली होती. त्या फटीतून कुणीतरी शिरलं, आणि भर दुपारी सगळे पडदे लाल झाले, यंत्रं थांबली, दिवे गेले. एक हमाल आतच होता. त्याला टॉर्च घेऊन शोधावं लागलं. तो सापडला, बराही झाला. तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही, कारण चूक नेमकी कुठे झाली ते तिच्याशिवाय कुणाला कळलंच नाही, आणि तिने सांगितलंही नाही. पण त्या हमालाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून हलेना. वर्षभरात तिने ती नोकरी सोडली.

आणि इथे आल्यावर तिने काय करावं? स्वतःच्या धाकट्या भावालाच इथे चिकटवलं! वडील गेले तेव्हा तो सहा वर्षांचा आणि ती सतरा वर्षांची. त्याचा अभ्यास, त्याचे दात, त्याची लफडी, सगळं तिनेच निस्तरलेलं. पोरगा कुठे टिकेना, म्हणून साहेबांच्या हातापाया पडून त्याला चार नंबरच्या खोलीत लावला. जाड कोट, कानटोपी, हातमोजे घालून तो दिवसातून पंधरा वेळा उणे बावीसमध्ये शिरायचा. ती वर कंट्रोल रूममध्ये असली की आत जाताना काचेकडे बघून तिला सलाम ठोकायचा. संध्याकाळी आई दारातच विचारायची, "तो निघाला ना गं बाहेर?" आणि "निघाला" म्हणेपर्यंत बाजूला व्हायची नाही.

चार नंबरचं दार आतून उघडायचा दांडा बर्फाने अधूनमधून अडकायचा. तसं झालं तर दाबायला आत भिंतीवर बटण होतं. बटण दाबलं की चौकीत घंटी वाजायची. जुनी घंटी गंजली होती, म्हणून एका रविवारी नवी बसवली. ताईची रविवारी सुट्टी. सोमवारी सकाळी धाकट्यानेच तिला सांगितलं, "नवी आलीय, तीन ठिकाणी वाजते म्हणे. आता तरी सुखाने जेव." तिला खरंच जरा हलकं वाटलं.

त्याच सोमवारी कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर तिला ती दिसली.

वहीत नसलेलं नाव. नाव कसलं, पाच अक्षरं आणि चार आकडे, माहितीच्या रकान्यात काहीच नाही. चालू. शिवाय बाहेरचं काहीतरी सतत ऐकत बसलेली. खुर्चीवर बसलेल्या ऑपरेटरला तिने विचारलं, "हे काय टाकलंस रे?" तो म्हणाला, "ताई, मी तर साधा पत्त्यांचा खेळसुद्धा टाकत नाही, तुमच्या धाकाने." तिने ती सर्व्हिस थांबवली, बंद केली आणि वहीत अडतिसावं नाव लिहिलं.

मंगळवारी ती पुन्हा चालू.

तिने नोंदी उघडल्या. सकाळी सहा छत्तीसला चालू झाली होती. लांबून नाही, याच कॉम्प्युटरवरून, ऑपरेटरच्याच नावाने. आणि ऑपरेटर तर सातला यायचा! काचेच्या त्या रिकाम्या खोलीत साडेसहाला त्या खुर्चीवर कोण बसलं होतं? की कुणी बसलंच नव्हतं आणि यंत्र आतूनच कुणाच्या तरी तालावर नाचत होतं? तिला ही दुसरी शंकाच खरी वाटली. आधीच्या ठिकाणीही असंच झालं होतं. आधी आठवडाभर आत दबा धरून बसले होते ते लोक, आणि मग एका दुपारी घाव घातला.

ती चौकीत गेली. "सकाळी साडेसहाला कुणी परका माणूस वर जातो का हो?"

चौकीदार दुखावला. "मी असताना परका? डोळ्यात तेल घालून बसतो मॅडम. इथलीच माणसं येतात-जातात, परकं चिटपाखरू नाही."

तिला हवं ते उत्तर मिळालं. इथलीच माणसं म्हणजे कोण, हे विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. तिने सर्व्हिस पुन्हा बंद केली, पासवर्ड बदलला आणि कॉम्प्युटरवर कागद चिकटवला: ‘ऑपरेटर सोडून कुणीही हात लावल्यास कडक कारवाई.’ ‘कडक’ खाली दोन रेघा.

बुधवारी पुन्हा चालू. सहा पस्तीस.

आता मात्र तिची पाचावर धारण बसली. ती साहेबांकडे गेली. साहेब फोनवर हसत होते, ते तिच्याकडे बघूनही हसतच राहिले. "अहो मॅडम, तुम्हाला उशीखालीसुद्धा चोर दिसतो. थंडी नीट पडतेय ना? मग झालं तर!" ती म्हणाली, "साहेब, उद्या कुणी बाहेर बसून यंत्रं बंद केली, दिवे घालवले, आणि आत माणूस असला तर?" साहेबांनी हात हलवला. तिच्या डोळ्यांपुढे कुणी एक माणूस नव्हताच, धाकटा होता. काळोखात खोक्यांना चाचपडणारा धाकटा. त्या दुपारी चार नंबरचं दार लागताना तिने वरून पाहिलं, आणि ते उघडून तो बाहेर येईपर्यंत ती काचेला नाक लावून उभी राहिली. ऑपरेटर म्हणाला, "ताई, श्वास घ्या."

गुरुवारी तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा भीतीची जागा रागाने घेतली. "थांब मेल्या," ती त्या नावाला म्हणाली, "आता तुझा कायमचा बंदोबस्त करते." ज्या फाइलीतून ती सर्व्हिस उठायची ती तिने शोधली आणि तिथून उचलून आपल्या पेनड्राइव्हवर काढून ठेवली. आता मागे काही उरलंच नाही. कुणी कितीही उठवा.

शुक्रवारी सकाळी साडेसातला तिने भीतभीत पाहिलं. बंद! नोंदीत सहा चौतीस ते सहा एक्कावन्न, तब्बल नऊ वेळा कुणीतरी चालू करायचा प्रयत्न केलेला, आणि नऊ वेळा फसलेला. तिचा जीव भांड्यात पडला. "आपट डोकं!" ती इतक्या मोठ्याने म्हणाली की ऑपरेटर दचकला. मग हा भामटा दुसरीकडून शिरेल म्हणून तिने बाकीचे दहा कॉम्प्युटर तपासायला घेतले.

आठच्या सुमाराला वायरमनमामा तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हा तिथला जुना इलेक्ट्रिशियन. शांत माणूस, पांढऱ्या मिशा, निवृत्तीला सहा महिने. हातात टोपी धरून म्हणाला, "ताई, एक विचारायचं होतं."

"मामा, आत्ता नाही हो. आधीच नाकी नऊ आलेत माझ्या."

मामा गेला. साडेनऊला पुन्हा आला. ती फोनवर कुणावर तरी ओरडत होती: "ज्याने हात लावला ना, त्याची नोकरी घालवीन मी!" मामा दोन मिनिटं उभा राहिला आणि आल्या पावली परत गेला.

अकराला तो तिसऱ्यांदा आला आणि या वेळी विचारत बसला नाही. खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढून तिच्या कीबोर्डवर ठेवली. "ताई, नोकरी घालवायची तर घालवा. माझ्या हातून त्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय. आज ती चालूच होईना."

"काय चालू होईना?"

"घंटी."

चिठ्ठीवर कुणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: घंटी वाजली नाही तर वर जाऊन हे करा. खाली एक, दोन, तीन. आणि मधोमध ते नाव. पाच अक्षरं, चार आकडे.

मामा बोलत होता, तिला ते लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. रविवारी घंटी बसवणारा माणूस आला होता. नवी घंटी कॉम्प्युटरमधून जाते, म्हणून ती चौकीत, वर आणि साहेबांच्या फोनवर, तिन्ही ठिकाणी वाजते. त्याने कागदपत्रं साहेबांना दिली, साहेबांनी खणात टाकली. मामाला चिठ्ठी दिली, कारण रोज सकाळी साडेसहाला सहाही खोल्यांतली बटणं दाबून बघायचं काम मामाचं. "सोमवारी वाजली. मंगळवारी वाजली नाही, म्हणून चिठ्ठीत लिहिलंय तसं केलं. मग रोजच करावं लागायला लागलं. ऑपरेटर तिथला पासवर्ड पडद्याच्या मागे लिहून ठेवतो, तो बघून केलं. तुमचा कागद बघितला होता मी, ताई. पण सांगायची छाती झाली नाही."

"रोज वाजायची? म्हणजे तुम्ही चालू केल्यावर?"

"हो. वाजली की मी निश्चिंत."

तो साडेसहाला चालू करायचा आणि ती साडेसातला बंद करायची. म्हणजे सोमवारपासून एकही दिवस, माणसं कामावर असताना, घंटी चालू नव्हती. ती उठली तशी खुर्ची मागे पडली.

दालनात खोल्यांच्या दारांशेजारी एक फळी होती. आत जाणारा आपला बिल्ला त्या खोलीच्या खिळ्याला अडकवायचा आणि बाहेर आला की काढायचा. पाच खिळे रिकामे. चार नंबरच्या खिळ्याला एकच बिल्ला, धाकट्याचा.

"केव्हा गेला हा?" तिने गाडीवाल्याला विचारलं. तो मालाची खोकी उचलणारी गाडी चालवायचा.

"खोक्यांवरची लेबलं बघून येतो म्हणाला. जोडीदार आज आला नाही ना. मी गेलो तीन नंबरला, तेव्हा… झाली असतील चाळीस मिनिटं."

वीस मिनिटांवर आत थांबायचं नाही, असा तिथला नियम होता.

तिने दाराची मूठ धरून ओढली. दार हललं नाही. खालच्या पट्टीत बर्फ धरलं होतं. मामा पहार घेऊन धावत आला. गाडीवाला आला, चौकीदार आला. मामा खाली बसून बर्फावर घाव घालत होता, आणि ती त्या वीतभर जाड दाराला तोंड लावून ओरडत होती, "आले रे! आले मी!" तिचं तिला माहीत होतं की आत काहीही ऐकू जात नाही. तरी ओरडत होती. पाचव्या का सहाव्या घावाला पट्टी सुटली आणि दार कुरकुरत सरकलं.

तो दाराशीच होता. उभा नव्हता, भिंतीला टेकून बसला होता आणि एक हात वर, बटणावर होता. हातमोजा काढलेला. जाड मोज्याने बटण नीट दाबलं जात नाही, असं वाटून काढला असावा. दार उघडलं, माणसं आत घुसली, तरी त्याचं बोट बटण दाबतच होतं.

त्याला उचलून औषधपाण्याच्या खोलीत नेलं. नर्सबाईंनी ओला कोट काढला, घोंगड्या गुंडाळल्या, हात कोमट पाण्याच्या टबात ठेवले. उजव्या हाताची तीन बोटं पांढरी पडली होती. "गाडी बोलावलीय, हॉस्पिटलात न्यायलाच हवं," त्या म्हणाल्या. "जीव वाचला. बोटांचं आत्ता काही सांगता येत नाही." ताईने तिथूनच ओरडून सांगितलं की सगळ्या खोल्या बंद ठेवा, मी सांगेपर्यंत एकही माणूस आत जाणार नाही. मग ती टॉवेल हातात घेऊन त्याच्या उशाशी बसली.

बराच वेळ त्याचे दात वाजत राहिले. मग तो बोलायला लागला.

"ताई, मी दाबत होतो गं."

"हो रे राजा. बोलू नकोस."

"आत घंटी ऐकू येत नाही. नुसता लाल दिवा लागतो. तो लागला. म्हटलं, वाजतेय. चौकीत वाजतेय, वर वाजतेय, तुला ऐकू येतेय. आणि तरी कुणी येत नाहीये. इतकी माणसं, आणि कुणीच येत नाहीये. तूसुद्धा."

"नाही रे! वाजलीच नाही घंटी. वाजली असती तर मी भिंत फोडून आले असते."

"वाजलीच नाही?"

"नाही."

तो हमसून रडायला लागला. चाळीस मिनिटांत रडला नव्हता, तो आता रडला. "मग ठीक आहे," म्हणाला, "मग ठीक आहे."

तेवढ्यात साहेब धापा टाकत आले. चेहरा पांढराफटक. आल्या आल्या दारात उभ्या असलेल्या मामाकडे वळले. "घंटी वाजली कशी नाही? सकाळी तपासली नव्हती तुम्ही?"

मामाच्या हातातली टोपी चुरगळली. "साहेब… माझ्याकडून…"

"मामांना बोलू नका," धाकटा घोंगडीतून म्हणाला. "ताई बुधवारपासून घरी सांगतेय, कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी रोज शिरतंय म्हणून. त्यानेच बंद केली असणार. ताई, सोडू नकोस त्याला. कोण आहे ते शोधून काढ."

साहेबांना ते एकदम पटलं. "बरोबर! मॅडम मला बोलल्या होत्या. माझंच लक्ष नव्हतं. मॅडम, तुम्ही म्हणाल ते करू, पोलिसांत जाऊ." मामाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तो काही बोलणार नव्हता, तेही तिला त्याच्या तोंडावर दिसलं. खोलीतला प्रत्येक जण त्या बाहेरच्या चोराचं नाव घेऊन सुटणार होता. ती तर सगळ्यांत आधी. मंगळवारच्या नोंदी बघतानासुद्धा ती इतकी घाबरली नव्हती.

"बाहेरून कुणी आलं नव्हतं," ती म्हणाली. "मामा रोज सकाळी घंटी चालू करत होते. मी रोज बंद करत होते. ती घंटी आहे हे मला माहीत नव्हतं. काल तर मी ती काढूनच टाकली."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला.

"सोमवारपासून?" त्याने विचारलं.

"सोमवारपासून."

"रोज जात होतो मी आत."

"हो."

"मग एकदा विचारायचंस ना गं कुणाला, हे काय आहे म्हणून." तो ओरडला नाही. लहानपणी तिने त्याला समजावलं असतं, तशा आवाजात म्हणाला.

नर्सबाई म्हणाल्या की आता हात बाहेर काढा, कोरडे करायला हवेत. ताईने टॉवेल उघडून पुढे केला. त्याने हात पाण्यातून काढले आणि पुसायला नर्सबाईंच्या पुढे धरले.